टॅलमन काउंटीच्या सह्या

हॅलो?... हॅलो, कोण? जोलीन?... अगं बोल ना, पोरी. थांब, स्पीकरवर टाकते, हात पिठात आहेत... रन्झाचे पाव भरतेय. संध्याकाळी चर्चमध्ये जमणार आहोत सगळे... कोबी-खिम्याचेच, दुसरे कसले असतात?

हो... हो, कळलं मला. सकाळीच ओमाहाहून मोहिमेच्या ऑफिसातून फोन आला होता... तुम्ही लिंकनला रेडिओवर ऐकलंत? काय म्हणाले?... आमचं नाव घेतलं? टॅलमन काउंटी, असं स्पष्ट म्हणाले?... परत सांग... नाही, ऐकू आलं होतं. पुन्हा ऐकायचं होतं.

हो गं, आपला प्रश्न नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर येणार. प्रत्येक काउंटीत रुग्णवाहिका ठेवणं ही राज्याची जबाबदारी, हो की नाही, असं अख्ख्या नेब्रास्काला विचारणार...

कोण म्हणतं?... रॉजर? काय म्हणतो तुझा नवरा?... 'ओमाहावाल्यांनी म्हातारीला कामाला जुंपलं.' हं... नाही, रागावले नाही. त्याला म्हणावं, ओमाहा एवढं मोठं शहर, तिथे सह्या पोत्याने मिळतात, दुकानाबाहेर उभं राहिलं की झालं. पण नुसत्या ओमाहाच्या जोरावर प्रश्न मतपत्रिकेवर चढत नाही. राज्यभरातल्या पुरेशा काउंट्यांनीही आपापल्या सह्या द्याव्या लागतात. आणि शेवटी एकच काउंटी कमी पडत होती... हो, आपली. माणसांपेक्षा गाई जास्त असलेली.

अगं, मोहिमवाल्यांनी पाठवला होता ना सह्या गोळा करायला एक पगारी माणूस. पोरगेलासाच. दिवसभर फिरला, संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणतो, बाई, इथे लोक कुठे ठेवलेत?... हसू नको. जेवायला घातलं त्याला. दुसऱ्या दिवशी गेला तो गेलाच.

मग मीच घेतलं... वय? वय काढू नकोस, जोलीन. अजून रुग्णवाहिका मीच चालवते ना? दुसरं कोण आहे चालवायला? म्हणून तर हे सगळं.

पहिल्यांदा सोपं गेलं. जनावरांच्या बाजारात उभी राहिले, वासरांना डाग द्यायच्या दिवशी गोठ्यागोठ्यांत गेले. पण काउंटी ऑफिसात सह्या तपासल्या तेव्हा कितीतरी बाद... नाही, खोट्या कशाला असतील? लोकांनी पत्त्याच्या जागी टपालपेटीचा नंबर लिहिला. इथे पत्ता म्हणून सगळे तोच सांगतात. मतदारयादीत मात्र घराचा पत्ता हवा... हो, माझंही लक्ष नव्हतं. आता पुन्हा प्रत्येकाच्या दारात जायचं, मुदत संपत आलेली, सगळे गवतकापणीला पांगलेले, आणि त्यातच माझ्या ट्रकचा गिअरबॉक्स बसला.

बसले पायरीवर. खरं सांगते, रडू आलं होतं... कोण येणार? हार्लन आला... हो, हार्लन व्होबोरिल, शेजारचा. त्याला चुकलेलं वासरू शोधायचं होतं, आणि सापडले मी.

अगं ऐक ना. तो विरोधात आहे... पक्का विरोधात. पहिल्या दिवसापासून. त्याने सही केलेली नाही, करणारही नाही.

हो, त्याचीच बायको, आयोनी. मी दुसऱ्या पेशंटला घेऊन नॉर्थ प्लॅटच्या हॉस्पिटलात गेले होते आणि आपल्याकडे गाडी एकच. शेजारच्या काउंटीतून गाडी येईपर्यंत ती गेली... मीही तेच म्हटलं त्याला. तूच नको म्हणतोस? तर म्हणाला, "आर्लिस, कायदा काढून गाडी येईल. चालवायला माणूस येत नाही. माणसं उरलीत कुठे? आणि कराचा बोजा पडेल तो आम्हा जमीनवाल्यांवरच"... त्याचंही अगदीच खोटं नाही गं.

पण म्हणाला, "चल, बस गाडीत."... हो, त्याच्या गाडीत. मी म्हटलं, कशाला रे? म्हणाला, "मला मतपत्रिकेवर 'नाही' म्हणायचंय. कुणी विचारलंच नाही, तर 'नाही' तरी कुणाला म्हणू?"

...हो, असंच म्हणाला.

मग काय, निघालो. त्याला सगळे रस्ते ठाऊक, कुठल्या फाटकाची कडी कशी उघडते तेही. गवताच्या शेतांत सरळ गाडी घालायचा. लोक ट्रॅक्टर थांबवायचे, तिथेच सही... नाही, तो लांब उभा राहायचा, तोंडातून एक शब्द नाही. फक्त एकदा बोलला. सहीच्या आधी अर्जाचा मजकूर म्हणून दाखवावा लागतो, मी घसा बसला म्हणून एक वाक्य गाळलं, तर तिकडून आवाज, "वाक्य गाळलंस." कुठलं माहीत आहे? खर्चाचंच... हो ना. त्याला पाठ होतं. पुन्हा म्हटलं सगळं, घोटभर पाणी पिऊन.

आणि लोक, जोलीन. तुला सांगू, मला वाटायचं हे कोरडे, आपल्यापुरते. श्मिडची आजी, नव्वदीची, दिसत नाही धड. मजकूर दोनदा म्हणायला लावला, मग म्हणाली, आता मत कुठलं द्यायचं ते मला सांगू नकोस, सही कुठे करायची तेवढं दाखव. सही बाद झालेल्या एकानेही कटकट केली नाही गं. नीट घराचा पत्ता घालून पुन्हा सही... काही जण नाही म्हणाले, म्हणणारच. पण ऐकून घेऊन म्हणाले.

मग काउंटीच्या सह्या पुरल्या... हो, थोडक्यात, पण पुरल्या. आज सकाळी फोनवर मोहिमवाले म्हणाले, टॅलमन आली नसती तर अख्ख्या राज्याचा प्रश्न मागे पडला असता. रॉजरला हे सांग. म्हणावं, ओमाहाच आमची वाट बघत बसली होती.

जिंकेल का?... ते मला नाही माहीत. हरेलही. पण आता सगळ्यांना विचारलं तर जाईल... नाही, तू काय करणार ते मला सांगू नकोस. मला मजकुरापलीकडे बोलायचीच सवय राहिली नाही... हो गं, माझंही प्रेम आहेच तुझ्यावर. वेडी. रडतेस काय?

थांब, बाहेर गाडी आली... हार्लनच आहे. हातात काय रे ते?... जोलीन, पाटी घेऊन आलाय. 'विरोधात मत द्या'... नाही गं, मला चिडवायला नाही. हायवेचं वळण माझ्या कुंपणाला लागून आहे ना, जाणारायेणारा प्रत्येक जण वाचतो. परवानगी मागतोय, टोपी काढून.

अरे, लाव... कोपऱ्यावरच लाव, तिथून दिसेल. माझी 'बाजूने मत द्या'ची पाटी मात्र हलवायची नाही, तिच्या शेजारी लाव... काय म्हणालास?... हो, तेवढीच उंच चालेल.

जोलीन, ठेवते गं. त्याचा खांदा गेलाय, त्याला एकट्याला खुंटा ठोकता यायचा नाही... मी धरते, तो ठोकेल. नाहीतर मीच ठोकते... हो. हो, सांगते त्याला. ठेवते.