पांढरा कागद

ऋतुजा : मावशी, वर दुसरं कोणी आहे का?

वच्छलाबाई : कंपनीच्या चिमणीवर? तूच तं उतरली आता. तुह्यासंगचा साहिल बर्फ आणाले लकडगंजले गेला. मंग वर कोण राहीन?

ऋतुजा : मी नळी काढून पेटीत भरून राहिले होते, तर मागून कोणीतरी खोकलं. अगदी कानाजवळ. वळून पाहिलं तर फळीवर मी एकटीच.

वच्छलाबाई : कोरडं खोकलं? आन् मंग घसा खाकरला?

ऋतुजा : हो. तुम्हाला कसं माहीत?

वच्छलाबाई : बस इथं सावलीत. पाणी पी आधी.

ऋतुजा : तुम्हाला कसं माहीत, मावशी?

वच्छलाबाई : धूर तपासणारे वर चढले का तो खोकला येते. दरसाली. आधीचे पोट्टे हासत होते, कबुतर असन म्हणे. कायचं कबुतर. माह्या चेतनचे बाबा होत ते. रुपराव. ते असताना तपासणीवाल्यांचा दोर धरून तेच उभे राहत, नळी घालाच्या भोकापाशी. ते गेले आन् कंपनीनं मले झाडायले ठेवलं.

ऋतुजा : वारा असेल. मी असलं काही मानत नाही.

वच्छलाबाई : नको मानू. पण पाठ भिंतीले लावून काहून बसली?

ऋतुजा : भीती वाटली. खोटं कशाला बोलू.

वच्छलाबाई : भिऊ नको वं. आयुष्यात कधी मुंगीलेही पाय लावला नाही त्या मानसानं. खर्रा मांगत असन, दुसरं काय.

ऋतुजा : खर्रा?

वच्छलाबाई : तंबाखू-सुपारी. सकाळी पानठेल्यावर घोटून घ्याचा, दिवसभर गालात. त्यानंच खाल्लं त्याइले. आधी घसा गेला, मंग फुफ्फुस. तेराव्यानंतर मोठ्या सायबानं मले हापिसात बोलावलं, एक गोल कागद हातात देला. तुह्या नळीतून निघते ना, तसाच. म्हणे, पाय वच्छलाबाई, आमचा धूर याच्यातून गेला, कागद पांढरा हाय. धुरात काही नाही. जे होतं ते तुह्या मानसाच्या गालात होतं.

ऋतुजा : आणि तुम्ही?

वच्छलाबाई : मी काय म्हणू? पांढरं तं डोळ्यानं दिसून राहिलं होतं.

ऋतुजा : हं.

वच्छलाबाई : दवाखान्यात हात जोडत होते, चिमूटभर दे वं म्हणत. नाही देला. पित्तरपाटात सारं करतो मी, वडे, कढी, खीर. चेतन म्हणते, आई, बाबाच्या ताटात एक पुडी ठेव. मी म्हणतो, ज्या पुडीनं घरचा मानूस नेला तिले ताटात ठेवू? कावळा शिवत नाही तं नको शिवू दे. दिवस मावळेपर्यंत ताट तसंच राहते. मंग गाईले घालतो.

ऋतुजा : मावशी, असं नका करत जाऊ.

वच्छलाबाई : ते जाऊ दे. तू मले सांग, हे काचेचं लटांबर कायले आणलं? आधीचे तं नळी आन् कागद घेऊन येत, अन् तासाभरात चहा पिऊन जात.

ऋतुजा : आता मोजायची पद्धत बदलली. कागद फक्त धूळ अडवतो ना. धूर गरम असतो, त्यातलं काही वाफ होऊन राहतं. ते कागदातून सरळ निघून जातं. म्हणून कागदाच्या मागे या बाटल्या लावतो, बर्फात. वाफ थंड झाली की बाटलीत उतरते.

वच्छलाबाई : बर्फात. चेतन सुरतेहून येईपर्यंत त्याइलेही बर्फावरच ठेवलं होतं. तुमची ती बर्फाची पेटी सकाळी पाहिली, तवापासून जीव थाऱ्यावर नाही माहा.

ऋतुजा : मला माहीत असतं तर गाडीतच ठेवली असती.

वच्छलाबाई : दाखव मले.

ऋतुजा : काय?

वच्छलाबाई : कागद. आजचा.

ऋतुजा : हा बघा. हात नका लावू फक्त.

वच्छलाबाई : पांढरा हाय.

ऋतुजा : हो. जवळजवळ पांढराच.

वच्छलाबाई : आन् बाटली?

ऋतुजा : ती लॅबमध्ये गेल्यावरच कळेल त्यात काय आहे ते. मी आत्ता काही सांगितलं तर बरोबर होणार नाही.

वच्छलाबाई : नाव नको सांगू. दाखव नुसती.

(पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज.)

वच्छलाबाई : इच्यात का भरलं होतं?

ऋतुजा : स्वच्छ पाणी. सकाळी मीच भरलं.

वच्छलाबाई : हे तं काळ्या चहावानी झालं. कागदाच्या मागं?

ऋतुजा : मागं.

वच्छलाबाई : म्हणजे तवाही कागद पांढराच राहिला असता. धुरात काही असो, नसो.

ऋतुजा : मावशी, ही आजची वाफ आहे. तेव्हाच्या धुराचं मी सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकणार नाही. आणि खर्र्यानेही होतं तसं. नाही होत असं मी म्हणणार नाही.

वच्छलाबाई : खरं बोलली, बरं केलं. माहीत नाही, एवढं त्या दिवशी सायबानं म्हटलं असतं तं झालं असतं. तपासणीवाले तोंडाले फडकं बांधत. चेतनचे बाबा उघड्या तोंडानं दोर धरून उभे.

ऋतुजा : यावेळी निकाल आला की कंपनीला उत्तर द्यावं लागेल. मी लिहिणार आहे सगळं.

वच्छलाबाई : लिही. कंपनीचं कंपनी पाहीन. मी माहं पाहतो. एका पुडीपायी एवढी सालं घरात घेतलं नाही मी त्या मानसाले. वरच ठेवलं, त्याच धुरात.

ऋतुजा : मावशी...

वच्छलाबाई : रडून नाही राहिली मी. हॉर्न वाजला पाय, तुहा साहिल आला वाटते बर्फ घेऊन.

ऋतुजा : हो, तोच. मला दुसऱ्या फेऱ्यासाठी चढावं लागेल. तुम्ही घरी जा आज, मी सांगते सुपरवायझरला.

वच्छलाबाई : जातो. एक काम करशीन? वर पुन्हा खोकला आला तं भिऊ नको. म्हण, खाली या, घरी ताट मांडून ठेवलं हाय.

ऋतुजा : म्हणेन.

वच्छलाबाई : मानत नाही ना तू?

ऋतुजा : नाही मानत. पण म्हणेन. आणि फाटकाबाहेर पानठेला आहे, साहिलला पाठवून पुडी मागवते. कसा लागायचा त्यांना?

वच्छलाबाई : सुपारी बारीक. आन् चुना कमी घालाले सांगजो, घसा सोलला होता त्याइचा.