हरणीचं दावं

हॅलो?… हां, बोला… अहो, जरा थांबा, लांब जाते. तुमच्या आई शेजारीच बसल्यात… हां. आता बोला.

आलो कवाच. शिवनेरीच्या पायथ्याला हाय. पोरं भरतमामाबरोबर वर गेली. शौर्य तर गाडीतनं उतरला तो पळतच सुटला… न्हाई हो, आत्याबाई कशा चढत्याल? त्यांचे गुडघे कुठं साथ देत्यात. आमी दोघी सावलीला बसलोय.

आले का सोपानभाऊ?… खोडदवरनं टेम्पो घेऊनच आले? बरं झालं. मग निघाली का हरणी?… चढत न्हाई म्हंजे?… अहो, ओढू नका तिला. आन् हात तर अजिबात उचलू नका… हां… हां… अहो ऐका ना. तुमीच म्हणाला व्हता, आईला जुन्नर दाखवून आण, तवर गाय देऊन टाकू, मागं रडारड नको… मी कुठं तुमाला दोष देते? मीबी हो म्हणलेच की. मला मंचरची नोकरी, तुमाला शेत, आत्याबाईंना बसून धार काढवत न्हाई… ठाव हाय मला. परत परत नका सांगू.

काय करते म्हंजे? गड बघते. लगीन झाल्यापासनं म्हणत व्हते, एकदा शिवनेरी बघायचा. हितनं हितं, पण कधी निघणंच झालं न्हाई. आन् आज आले तर काय वाटतच न्हाई बघा. सगळं बधिर झालंय आतून. जुन्नरच्या पेठेत पोरांनी भेळ खाल्ली, मी फोटो काढले. कशाचे काढले ते इचाराल तर सांगता यायचं न्हाई.

त्या?… दुपारी मासवडी खाऊ म्हणलं, तर म्हणल्या तुमी खा, माझी भाकरी हाय पिशवीत… छे, त्यांना कसं कळंल? मी एक शबुद बोलले न्हाई. मलाच त्यांच्या तोंडाकडं बघवत न्हाई. मामंजी गेल्यावर त्या हरणीपाशीच जाऊन बसायच्या की. मामंजींनी वासरू असताना आणलेली ती.

काय सापडंना?… दावं? अहो, तिच्या गळ्यात असंल… नायलॉनची दोरी? कुणी बांधली?… मी न्हाई. मी गोठ्यात गेलेच न्हाई आज. सकाळी नको नको म्हणताना धार आत्याबाईंनीच काढली. लई वेळ आतच व्हत्या… काय माहीत.

सोपानभाऊंनी त्यांचं दावं आणलंय ना? मग झालं… कळतंय हो. जनावर द्यायचं, पण दावं आपल्याच घरात ठेवायचं. न्हाईतर गोठ्याची लक्ष्मी दाव्याबरोबर जाती. मामंजी किती वेळा सांगायचे. गव्हाणीत बघा, तिथंच पडलं असंल… न्हाई? खुंटीला?

थांबा… न्हाई, काय न्हाई. आत्याबाईंनी पिशवी उघडली. भाकरी काढत असत्याल…

अहो.

अहो, दावं हितं हाय… हितं म्हंजे हितं, त्यांच्या मांडीवर! भाकरीच्या फडक्याखाली ठेवलं व्हतं. पेठेत, भेळीच्या गाडीवर, सगळीकडं घेऊन हिंडल्या… मला काय इचारता? मी न्हाई सांगितलं कुणाला.

काय आत्याबाई?… हो, त्यांचाच हाय फोन… हो… इचारते. अहो, त्या म्हणत्यात, गेली का हरणी?

ऐका. त्यांना सगळं ठाव व्हतं. म्हणत्यात, मी घरी असते तर माझ्या आदेशला गाय देववली नसती. त्याचा जीव अडकला असता. म्हणून आले मी गड बघाया.

न्हाई आत्याबाई, अजून चढंना. चारी पाय रोवून उभी हाय म्हणं… काय?… असं कसं?… बरं, सांगते. अहो, त्या म्हणत्यात, फोन हरणीला ऐकू जाईल असा धरा… मी मस्करी करीन का आता? आवाज मोठा करा आन् टेम्पोत चढून तिथनं धरा. सोपानभाऊ हसत असत्याल तर हसू द्या… धरला? घ्या आत्याबाई, हितं तोंड करून बोला.

"हरणे… ए हरणे. ये बाय. वर ये. मी हितंच हाय बघ… ये. ये माझी बाय."

…

हॅलो?… चढली?… ओढायलाबी लागलं न्हाई?… बरं… बरं, जाऊ द्या त्यांना.

आत्याबाई, चढली. गेली.

न्हाई, रडत न्हाईत. गडाकडं बघत बसल्यात… मलाबी रडू येत न्हाई, आलं असतं तर बरं झालं असतं… काय म्हणू? एवढंच म्हणल्या, जन्मात कधी तिला फसवलं नव्हतं, आज फसवलं.

पोरं उतरायला लागली वाटतं, शौर्यचा आवाज येतोय… हो, आणते दावं. त्यांनी फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकलंय. भाकरी तशीच ऱ्हायलीय… ठेवते मी.