अर्ध्या तासाचे चष्मे

१४ मार्च १९८४, बुधवार. सकाळपासून दमट, वारा नाही.

वहीतली ही ओळ वाचली तरी अजून डोकं तापतं, म्हणून सांगूनच टाकतो. बेलापूर रस्त्यावरच्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा प्रशिक्षण ठरवायचं काम माझ्याकडे होतं. महिनाभर खपून मी यादी केली. पहिला नंबर ॲसिड शेडच्या कामगारांचा.

मॅनेजर साहेबांनी यादीच फिरवली. "शेड बंद ठेवून शिकवणार? मग माल तुम्ही काढणार का? ऑफिसच्या लोकांना बसवा. फोटोही चांगला येईल."

फोटोसाठी संरक्षक चष्मे हवे होते. शिपायाने शेडमधले सगळे गोळा करून आणले. टायपिस्ट मोरेबाईंनी एक डोळ्यांवर चढवला, तेवढ्यात शेडमध्ये ॲसिड ओतणारा दिवाळे गावचा धर्मा दारात येऊन उभा राहिला.

"भाऊ, माझा चष्मा बाईंच्या डोल्यांवर हाय. मी ॲसिड काय डोले मिटून वतू?"

"अर्ध्या तासाचा प्रश्न आहे," साहेब म्हणाले. "तोवर जपून ओत."

"मंग अर्धा तास मी पन हितंच बसतो," म्हणत धर्मा पुढच्या खुर्चीवर बसला.

मी म्हणालो, "साहेब, चष्मे आत्ता परत द्या, नाहीतर या कार्यक्रमाच्या कागदावर माझी सही मिळणार नाही."

"राहू द्या तुमची सही. फोटो आहे ना."

संध्याकाळी धर्माला काम थांबवल्याबद्दल मेमो मिळाला. तो मोरेबाईंनी टाइप केला. मोरेबाईंना प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळालं. धर्माला मिळालं नाही, कारण त्याचं नाव साहेबांच्या यादीत नव्हतं.