विगखालची टोपी

तुम्ही हसाल, पण माझं डोकं अजून तापलेलं हाय. किमोनंतर विग घातला की लई खाज सुटायची, आणि त्याची चमक बघून लोक टक लावून बघायचे. लातूरच्या पार्लरवालीनं आतून घालायला सुती टोपी दिली आणि वरून पावडर लावून चमक घालवली. मग उदगीरला बारशाला गेले. थोरली नणंद चार बायांसमोर म्हणाली, "केस तर जिथल्या तिथं हायत. माझ्या पोरीच्या लग्नात काम टाळायला कॅन्सरचं नाटक केलंस व्हय?"

मी विग काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"घ्या अक्का, नाटक तुमच्याकडंच राहू द्या. खाज सुटली तर सांगा, टोपी पण देते."