टाकीमागचा कोपरा

सूनबाई : नाही, मला आधी हे सांगा, माझी झुडपं कापायची कात्री तुम्हाला सापडली कुठं?

अप्पा : दाराआड टांगलेली होती. धार बघ काय झाली होती तिची! आधी परजली, मग हातात धरली.

सूनबाई : आणि सगळं कुंपण कापून मोकळे झालात!

अप्पा : उजाडताच जाग आली, चहाला अवकाश होता. म्हटलं, दोन वर्षं पोरीनं या झुडपांची हजामत केलेली नाही, आज आपणच उरकून टाकू. बघ तर खरं! बाजूनं बारीक, वरून मिडियम. दिसतंय कुठं उंचसखल?

सूनबाई : अप्पा, मी ते मुद्दाम वाढू दिलं होतं! आत बुलबुलाचं घरटं होतं. तीन पिल्लं. आत्ता कुठं डोळे उघडलेत त्यांनी. बघायला गर्दी नको म्हणून मी कुणाला बोलले नाही.

अप्पा : मला तरी सांगायचं होतंस.

सूनबाई : कधी सांगणार? दुकान बंद केल्यापासून आठ महिने खोलीबाहेर पाऊल नाही तुमचं. हाक मारली की भिंतीकडे तोंड. बाहेर या, बाहेर या म्हणून घसा बसला माझा. आणि आलात ते थेट कात्री घेऊनच!

अप्पा : झालं बोलून? आता डोळे पूस आणि पाण्याच्या टाकीमागं जाऊन ये. पाय वाजवू नकोस.

सूनबाई : आता काय उरलंय तिथं?

अप्पा : जा तर.

सूनबाई : अगंबाई! आहेत! तिघंही आहेत! अप्पा, हा एवढा झुपका तुम्ही ठेवलात?

अप्पा : फांदी डाव्या हातात धरली, कात्री लावली, तेवढ्यात आतून चिवचिव. गिऱ्हाईक बोललं की हात जागच्या जागी थांबवायचा, चाळीस वर्षांची सवय. वाकून बघतो तर तीन उघडी तोंडं, आणि त्यांची आई माझ्या टकलावर घिरट्या घालून शिव्या देतेय. आयुष्यात कुणाचं अर्धं डोकं सोडून उठलो नव्हतो. आज उठलो.

सूनबाई : देव पावला. पण त्या कडेला फुलपाखराच्या अळ्या होत्या, त्यांचं काय?

अप्पा : हिरव्या, जाड्या? मला वाटलं कीड लागली. त्या बादलीत आहेत, पानांसकट.

सूनबाई : टाकल्या नाहीत?

अप्पा : दुकानात कुणाचा कंगवा राहिला तरी मी टाकत नसे. म्हटलं, तुझ्या असतील.

सूनबाई : माझ्याच आहेत! आणा ती बादली. फांद्या कुंपणाला टेकवून ठेवते, चढतील वर आपोआप.

सेक्रेटरी : वा, वा, वा! वहिनी, गल्लीच्या समितीनं तीन चिठ्ठ्या पाठवल्या, अखेर मनावर घेतलंत म्हणायचं! पण हा कोपरा राहिला की. असू दे, गल्लीची कुंपणं कापायला दहाला मशीनवाला येतोच आहे, मिनिटात उडवेल.

सूनबाई : त्याला हात लावायचा नाही, सेक्रेटरीसाहेब. पिल्लं आहेत आत. आठ-दहा दिवसांत उडून जातील.

सेक्रेटरी : अहो, सगळ्या गल्लीची कुंपणं एका रेषेत, आणि तुमच्याकडं पाचोळ्याचा ढीग काय, फुटक्या बशीत पाणी काय! लोक विचारतात, या घरात कुणी राहतं का?

सूनबाई : तुमच्या कुंड्यांतली रोपं गोगलगायी फस्त करतात, माझी का नाही करत, ते विचारा.

सेक्रेटरी : का?

सूनबाई : त्या ढिगात बेडूक राहतो. आणि दिवसभर दवाखान्यात इंजेक्शनं देऊन आले की अर्धा तास मी या गबाळात बसते. म्हणून घरात कुणावर खेकसत नाही.

अप्पा : हे मात्र खरं. पावसामुळं तिला बसता आलं नाही, की आम्ही जपून असतो. बरं, भोवऱ्या, तू इकडं ये. मान वळव. हे डोकं कुणी केलंय?

सेक्रेटरी : अप्पा, चारचौघांत भोवऱ्या नका म्हणू. चौकातल्या नव्या दुकानात केलं.

अप्पा : खुर्चीवर फळी टाकून बसवायचो तेव्हापासून तुझे दोन भोवरे मला पाठ आहेत. डाव्यावर सरळ कात्री चालवलीय गाढवानं. म्हणून तुरा उभा राहिलाय.

सेक्रेटरी : बायको म्हणते, टोपी घाला. तुम्ही दुकान बंद केलंत आणि माझी ही दशा झाली. पण एकाएकी बंद का केलंत हो?

अप्पा : शेवटचं गिऱ्हाईक तूच होतास. तुझ्या कानाला लागलं होतं.

सेक्रेटरी : ते? एवढासा ओरखडा! घरी पोहोचेपर्यंत विसरलो मी.

अप्पा : मी नाही विसरलो. हात थरथरला होता माझा. त्याच संध्याकाळी शटर ओढलं.

सूनबाई : अप्पा! आम्हाला वाटत होतं, कंटाळलात म्हणून.

अप्पा : कंटाळेन कशाला? भीती वाटली, पोरी.

सेक्रेटरी : असं आहे तर. ठीक. मशीनवाल्याला सांगतो, पिल्लं उडेपर्यंत हा कोपरा वगळ. पण माझी एक अट आहे. वहिनी, खुर्ची आणा. हे डोकं आत्ताच्या आत्ता, इथंच.

अप्पा : अरे, वेडा की काय! माझी कात्री पेटीत पडून...

सूनबाई : पडून कसली? दर आठवड्याला तेल देता तिला, मला माहीत नाही होय? आणते मी.

(सूनबाई खुर्ची, चादर आणि पेटी आणते. झुपक्यात बुलबुल चोचीत किडा घेऊन परतते.)

सेक्रेटरी : मी त्या झुपक्याकडे तोंड करून बसतो. अरे वा, दिसतायत की! केवढाल्या चोची!

अप्पा : हलू नकोस.

सूनबाई : आणि केस झाडू नका हं, इथंच पडू द्या. पाखरं घरट्यात अंथरायला नेतात.

सेक्रेटरी : म्हणजे पुढच्या खेपेला घरट्यात समितीही असणार! पण अप्पा, खरं सांगा. हात थरथरला तर?

अप्पा : थरथरला तर थांबेन. सकाळी थांबलो ना. मान खाली घे.