गावना नाय

सरकारी चौकशीचं कौतुक मला सांगू नका! शेजारच्या आंधळ्या बायोकाकीला पुतण्या उपाशी ठेवतो, अशी आम्ही तक्रार केली. तालुक्याहून घाटावरचे एक साहेब आले आणि थेट पुतण्याकडेच पानावर बसले. तळलेली सुरमई चावत त्यांनी विचारलं, "काय आजी, काही त्रास?"

काकी म्हणाली, "माका काय गावना नाय रे, झिला!"

आमचं गावना नाय म्हणजे मिळत नाही, हे साहेबांना कुठलं कळायला? त्यांनी पुतण्याकडे बघितलं.

पुतण्या म्हणाला, "गाता येत नाही म्हणते."

"अहो आजी, तुम्हाला गायला कोण सांगतंय!"

मग ढेकर देत साहेबांनी निकाल दिला, "खाण्यापिण्याची सोय उत्तम आहे."

होतीच की! काकीला त्यातला वास तेवढा गावला.