फ्रान्सचा पुढारी आणि गायकवाड सरांचा अर्ज

फ्रान्सच्या राजकारणाशी सावेडीतल्या माणसाचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. संबंध आहे, ऐका.

चर्चमधली रविवारची उपासना आटोपून मी गायकवाड सरांकडे चहाला बसलो होतो. सर महिनाअखेरीस शाळेतून निवृत्त होणार होते आणि मुदतवाढीचा अर्ज त्यांनी संस्थेकडे दिला होता. त्यांची मुलगी रूथ शिक्षिकेची पात्रता मिळवून सहा वर्षे त्याच संस्थेत रिकाम्या जागेची वाट पाहत होती.

मी एका चर्चला जाणाऱ्या फ्रेंच परंपरावादी नेत्याविषयी सांगत होतो. आधी लहान गावाचा नगराध्यक्ष, मग खासदार, पुढे मंत्री. कुटुंब जपा, कर घटवा, सरकारी खर्च आवरा, हा त्याचा आग्रह. मते मागतानाच त्याने स्पष्ट सांगितले की निवृत्तीचे वय वाढवीन. लोक रस्त्यावर उतरले.

"आभार मानायला?" सरांनी विचारले.

"विरोध करायला. त्यांना लवकर घरी बसायचे आहे."

"अहो, असला माणूस इकडे पाठवा! मी दारोदार प्रचार करतो."

रूथ चहा ठेवत म्हणाली, "पप्पा, माझं मत नाही त्याला."

"का गं? चर्चला जाणारा माणूस आहे."

"असेना. तुम्ही सगळे खुर्ची धरून बसलात, तर आम्ही वर्गात शिरायचं कधी? पुढच्या वर्षी माझी वयोमर्यादा संपते."

सरांनी कप बशीत ठेवला. ते म्हणाले, "उद्या अर्ज परत घेतो. पण सकाळी दहाला मी घरात करू काय?"

"माझा डबा भरा."